सोऱ्याची आवळपट्टी

गेल्या दिवाळीत शेव पाडताना सोऱ्याच्या खालच्या झाकणातून पीठ गळत होतं, म्हणून मी ते सगळा जोर लावून आवळलं. सोऱ्या तसाच माळ्यावर गेला. यंदा धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी बायकोने चकलीची भाजणी भिजवून तो खाली काढला, तर आत शेवेचीच चकती आणि झाकण जागचं हलेना. पिठातलं मीठ, पावसाळ्याची ओल आणि पितळ! आट्यांत हिरवागार कळंक.

त्यात वस्तू सासूबाईंची. "ओरखडा उमटला तर आईला तुम्हीच सांगायचं," असं बजावून ती भाजणीवर ओलं फडकं घालायला गेली.

नौपाड्यातल्या आमच्या बिल्डिंगीत दार उघडं दिसलं की सल्लागार आत येतात. एकाने पाइपपाना आणला. त्याचे दात बघितले आणि मला सासूबाई दिसल्या. दुसरा म्हणाला, व्हाइसच्या लोखंडी पकडीत धरा. म्हणजे गोल भांडं लंबगोल होणार आणि दट्ट्या आयुष्यभर बाहेर राहणार. तिसऱ्याने सोऱ्या गॅसवर धरायला सांगितलं, पण भांडं पितळेचं, झाकणही पितळेचं. दोघं सारखीच फुगली तर सैल कोण होणार? म्हणून मी आत बर्फ भरला आणि नुसतं झाकण उकळत्या पाण्यात बुडवलं. बाहेरचं फुगेल, आतलं आकसेल. बोट तेवढं भाजलं.

शेवटी तळमजल्यावरचे काका आले. वागळे इस्टेटमध्ये ३० वर्षं फिटर. त्यांनी आट्यांवर पातळ तेल सोडलं आणि लाटण्याने झाकणाभोवती हलकेच टकटक करत राहिले. "ठोकायचं नाही. हादरे बसले की तेल आपोआप आत शिरतं." चहा बिस्किटात चढतो तसं. तासभर आम्ही दोघं सोऱ्याकडे बघत चहाच प्यायलो.

मग झाकणाला सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून मी जोर लावला.

"अरे, आवळतोयस तू!"

झाकण खाली, मी बघतोय वरून. डावं-उजवं उलटं झालेलं. म्हणजे सकाळपासून बिल्डिंगीतल्या चार पुरुषांनी मिळून ते मनापासून घट्ट केलं होतं.

काकांनी सोऱ्या उलटा केला, झाकण डावीकडे फिरवलं. चर्रर्र. वर्षभराच्या खवट बेसनाचा वास घरभर पसरला. चिंचेने घासून, गरम पाण्याने दोनदा धुऊन चकलीची चकती बसवली.

"द्या, मी लावतो झाकण," मी म्हणालो.

बायको आणि काका, दोघांनीही एकदमच हात पुढे केला.