वायर काढून सुबारू टू-व्हील ड्राइव्ह होत नाही

माझा भाचा कोलोरॅडोत शिकतो. त्याने जुनी ऑटोमॅटिक सुबारू घेतली आणि तिथल्या मराठी ग्रुपवर फिरणारा एक मेसेज वाचून थेट गाडीखाली शिरला. मला विचारलं ते सगळं करून झाल्यावर. मेसेज असा (सोलेनॉइड म्हणजे विजेवर उघडबंद होणारा छोटा व्हॉल्व्ह, ऑल-व्हील ड्राइव्ह म्हणजे चारही चाकांना इंजिनची ताकद): ‘ऑल-व्हील ड्राइव्हच्या सोलेनॉइडची वायर काढा, गाडी पुढच्या दोनच चाकांवर चालेल, पेट्रोल भरपूर वाचेल. वळताना गाडी अडखळली तर सोलेनॉइड गेला समजा. टायर दोनच बदलले तरी चालतात.’

पहिलाच सल्ला साफ उलटा आहे. १९९० च्या दशकातल्या सुबारू लेगसी या मॉडेलच्या चार गिअरच्या ऑटोमॅटिकमध्ये पुढची चाकं कायम जोडलेली असतात. मागच्यांना ताकद मिळते गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाला असलेल्या, तेलात बुडालेल्या प्लेट्सच्या क्लचमधून. तेलाचा दाब हा क्लच आवळतो आणि तो दाब किती हे ड्यूटी सोलेनॉइड सी ठरवतो. कॉम्प्युटर त्याला सेकंदाला अनेकदा चालू-बंद करतो. चालू राहण्याचा वेळ वाढला की दाब उतरतो, क्लच सैल होतो; कमी झाला की क्लच आवळतो. वायर काढली म्हणजे करंट शून्य, म्हणजे क्लच पूर्ण आवळलेला! वायर तुटली तरी मागची चाकं सुटू नयेत, म्हणून रचनाच तशी आहे.

या क्लचच्या गाड्यांत सेंटर डिफरन्शियल, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरसंच, नसतो. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात आणि तो फरक क्लचने घसरून सोसायचा असतो. तो आवळलेला असला की कोरड्या पार्किंगमध्ये स्टिअरिंग पूर्ण फिरवताच गाडी उड्या मारत पुढे सरकते, टायर घासतात, मागच्या चाकांकडे ताकद नेणारा प्रोपेलर शाफ्ट आणि मागचा डिफरन्शियल पिळवटतात. भाच्याच्या गाडीचं नेमकं हेच झालं, आणि मेसेजवर विश्वास ठेवून तो आता नवा सोलेनॉइड शोधतोय!

एक मान्य करतो, या गाड्या तात्पुरत्या पुढच्या चाकांवर चालवता येतात. पण त्यासाठी बॉनेटखाली ‘एफडब्ल्यूडी’ (फ्रंट-व्हील ड्राइव्ह) लिहिलेल्या रिकाम्या जागेत फ्यूज घालायचा असतो, काढायचं काहीच नसतं. गाडीच्या मॅन्युअलमध्ये हे स्पष्ट दिलंय, तेही छोटं स्टेपनी चाक लावल्यावर करायला, पेट्रोल वाचवायला नव्हे. तसंही रस्त्यावरची मागची चाकं शाफ्ट आणि डिफरन्शियल फिरवतच राहतात. मग भरपूर वाचणार कुठून?

दोनच टायर बदलायचं तर बोलायलाच नको. घेर वेगळा झाला की सरळ रस्त्यावरही क्लच घासत राहतो.

वळताना अडखळण्यामागे सोलेनॉइड असू शकतो, हे खरं. पण आधी वायर जोडा, चारही टायर मोजा, मग तो फ्यूज घालून डॅशबोर्डवर एफडब्ल्यूडीचा दिवा लागला का बघा आणि गाडी वळवा. अडखळणं थांबलं तर सोलेनॉइड काम करतोय, त्याच्यावर पैसे घालू नका. थांबलं नाही तर सोलेनॉइड, व्हॉल्व्ह किंवा चिकटलेल्या प्लेट्स, आणि ते मेकॅनिकला उघडूनच बघावं लागेल.