आठव्या दिवशीच्या निगेटिव्ह टेस्टवर विसंबू नका

लग्नसराईच्या तोंडावर ‘एचआयव्हीचे खरे सत्य’ नावाचा एक लांबलचक मेसेज बीड-लातूरकडच्या ग्रुपांवर फिरतो आहे. आमच्या नात्यातल्या, साखरपुडा झालेल्या एका मुलीने लग्नाआधी दोघांची टेस्ट करू म्हटले, तर उत्तर म्हणून तिला सासरकडून हाच मेसेज आला. म्हणून आता गप्प बसणे शक्य नाही.

मेसेजचे म्हणणे असे: एचआयव्ही ड्रायव्हर, ऊसतोडवाले आणि बाजारू बायका यांचा रोग आहे, घरंदाज बाईला तो होत नाही. बाईकडून पुरुषाला तो लागत नाही. संबंधानंतर डेटॉलने धुतले की धोका संपतो. तरी शंका असेल तर आठ दिवसांनी टेस्ट करावी, निगेटिव्ह आली की कायमचे सुटलात. नवरा-बायकोपैकी एकाची टेस्ट पुरते. आणि कोणी पॉझिटिव्ह निघाले तर संसार संपला.

यातले आठ दिवसांचे वाक्य सगळ्यात घातक, म्हणून आधी तेच. रॅपिड टेस्टचे कार्ड विषाणू शोधत नाही. विषाणूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे शोधते, आणि ती कार्डावर दिसण्याइतकी वाढायला संसर्गानंतर साधारण 23 ते 90 दिवस लागतात. प्रयोगशाळेत शिरेच्या रक्तावर होणारी फोर्थ जनरेशन टेस्ट प्रतिपिंडांबरोबर विषाणूचे पी24 हे प्रथिनही पकडते, तिला 18 ते 45 दिवस लागतात. थेट विषाणूचे आरएनए (त्याचे जनुकीय द्रव्य) शोधणारी महागडी टेस्टसुद्धा 10 ते 33 दिवस मागते. म्हणजे आठव्या दिवशी कुठलीही टेस्ट केली तरी त्या संबंधातून संसर्ग झाला की नाही हे ती सांगू शकत नाही. त्या कागदाला काही अर्थ नाही.

आणि नेमक्या याच सुरुवातीच्या आठवड्यांत रक्तात आणि वीर्यात विषाणूचे प्रमाण सर्वाधिक असते. दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात अनेकांना ताप, घसादुखी, अंगावर पुरळ येते. ‘व्हायरल आहे’ म्हणून दोन गोळ्या घेतल्या जातात आणि ताप उतरतो. हातात निगेटिव्ह रिपोर्ट, ताप गेलेला, म्हणून माणूस कंडोम बाजूला टाकून बायकोजवळ जातो. तिला संसर्ग होण्याची शक्यता याच वेळी सगळ्यात जास्त असते. मेसेज लिहिणाऱ्याने याचा विचार केला आहे का?

मग करायचे काय? धोका होऊन 72 तास उलटले नसतील तर त्याच दिवशी जिल्हा रुग्णालय किंवा एआरटी केंद्र (एचआयव्हीची औषधे देणारे सरकारी केंद्र) गाठून पीईपीबद्दल विचारा. ही संसर्ग रोखण्याची औषधे 28 दिवस घ्यावी लागतात, आणि जितक्या लवकर सुरू होतील तितकी उपयोगी. वेळ निघून गेली असेल तर लगेच एक टेस्ट करा, म्हणजे आधीचा काही संसर्ग नाही ना ते कळते. दुसरी सहा आठवड्यांनी, तिसरी तीन महिने पूर्ण झाल्यावर. मधल्या काळात प्रत्येक वेळी कंडोम. नवा धोका घडला नसेल तर तीन महिन्यांनंतरची निगेटिव्ह टेस्ट पक्की धरायची. पीईपी घेतले असेल तर टेस्टच्या तारखा डॉक्टरच ठरवतील.

खासगी लॅबच्या एकाच कार्डावर ‘रिअॅक्टिव्ह’ आले तरी त्यावरून पॉझिटिव्ह ठरत नाही. सरकारी आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्ही समुपदेशन व तपासणी केंद्रात, पहिली टेस्ट रिअॅक्टिव्ह आली की आणखी दोन वेगळ्या किटवर तपासतात. तिन्ही जुळले तरच पॉझिटिव्ह म्हणतात, नाही जुळले तर काही आठवड्यांनी पुन्हा रक्त घेतात. टेस्ट मोफत असते. जिल्हा आणि उपजिल्हा रुग्णालये, बहुतेक ग्रामीण रुग्णालये, अंबाजोगाई, लातूर, नांदेड, संभाजीनगरची शासकीय वैद्यकीय महाविद्यालये, सगळीकडे ही सोय आहे. जवळचे केंद्र 1097 या मोफत क्रमांकावर कळते. 2017 च्या एचआयव्ही कायद्यानुसार तुमच्या संमतीशिवाय टेस्ट करता येत नाही, आणि निकाल गुप्त ठेवणे बंधनकारक आहे.

‘घरंदाज बाईला होत नाही’ याला पुण्याने 1997 सालीच उत्तर दिले आहे. डॉ. रमण गंगाखेडकर आणि सहकाऱ्यांनी तिथल्या गुप्तरोग दवाखान्यांत आलेल्या बायका तपासल्या. देहविक्रयाशी संबंध नसलेल्या बायकांतही 13.6 टक्के जणी एचआयव्हीबाधित निघाल्या. हे दवाखान्यात आलेल्या बायकांचे प्रमाण आहे, सगळ्या समाजाचे नव्हे, आणि तेव्हा आजची औषधेही नव्हती. पण अभ्यासाच्या शीर्षकातच विवाहित, एकनिष्ठ स्त्रियांचा उल्लेख आहे. त्या घराबाहेर गेल्या नव्हत्या, संसर्ग घरात आला होता. ऊसतोडीला गेलेल्या जोडप्यावर किंवा ट्रक चालवणाऱ्यावर बोट ठेवून आपण सुटत नाही. नवरा कुठल्या धंद्यात आहे हे विषाणू विचारत नाही.

‘एकदा संबंध आला म्हणजे लागतोच असे नाही’ असेही मेसेजमध्ये आहे. हे खरे आहे, मान्य करावेच लागते. बाधित जोडीदार उपचारावर नसेल आणि कंडोम नसेल, तर सीडीसी या अमेरिकेच्या सरकारी आरोग्यसंस्थेचा अंदाज योनीसंबंधात स्त्रीला 10,000 वेळांमागे 8 आणि पुरुषाला 4 संसर्ग असा आहे. म्हणजे ‘बाईकडून लागत नाही’ हे याच आकड्याने खोटे पडते. पण लग्नात संबंध एकदा येत नाही. आठवड्याला दोनदा धरले तर वर्षाला शंभर होतात. हाच दर धरून गणित केले तर बाईचा धोका वर्षाला सात-आठ टक्के, पाच वर्षांत जवळपास 33 टक्के. गुप्तरोगाची जखम असेल किंवा संसर्ग ताजा असेल तर त्याहून जास्त.

डेटॉलचे तर काय बोलावे! योनीत डेटॉल, लिंबू किंवा साबण गेला की आतले नाजूक अस्तर सोलवटते आणि विषाणूला वाट मोकळी होते. धुण्याने संरक्षण होत नाही, कंडोमने होते. तोही खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावून वापरू नका, तेलाने रबर कमकुवत होऊन फाटते. दोन कंडोम एकावर एक चढवू नका. उन्हात तापणाऱ्या केबिनमध्ये किंवा खिशातल्या पाकिटात महिनोन् महिने ठेवू नका.

‘एकाची टेस्ट पुरते’ हेही चूक. एक जण बाधित आणि दुसरा नाही अशी जोडपी वर्षानुवर्षे असतात. गरोदरपणात बायकोची टेस्ट निगेटिव्ह आली म्हणून नवरा निगेटिव्ह ठरत नाही. दोघांनी आपापली टेस्ट करावी. लग्नाआधी करायची तर शेवटच्या धोक्याला तीन महिने झालेले हवेत, तारीख त्या हिशेबाने काढा.

‘संसार संपला’ हे तर उघड खोटे. आज बहुतेकांना रोज एक गोळी असते, एआरटी केंद्रात फुकट. व्हायरल लोड, म्हणजे रक्तातले विषाणूचे प्रमाण, टेस्टमध्ये न दिसण्याइतके कमी होऊन तसेच राहिले की संबंधातून जोडीदाराला संसर्ग होत नाही, हे मोठ्या अभ्यासांत सिद्ध झाले आहे. उपचाराशिवाय आईकडून बाळाला संसर्गाचा धोका 15 ते 45 टक्के असतो, उपचाराने तो 5 टक्क्यांच्या खाली येतो. फक्त गोळी चुकता कामा नये. ऊसतोडीला निघणाऱ्यांनी टोळी उचलण्याआधीच केंद्रात सांगावे, म्हणजे जास्त दिवसांच्या गोळ्या किंवा कारखान्याजवळच्या केंद्रातून पुढचे औषध मिळण्याची व्यवस्था करता येते.