वीस तारखेचा इंटरव्ह्यू

आत्ता साडेसहाला फोन आला. मी कणीक मळत होते, लेकीने फोन कानाला धरला. "मॅडम, अकाउंटंटच्या जागेसाठी तुमचा बायोडेटा आलाय. उद्या अकराला इंटरव्ह्यूला याल का?" कंपनीचं नाव ऐकलं आणि आधी मला हसूच आलं. मग डोकं फिरलं ते अजून ठिकाणावर नाही, म्हणून लिहितेय. लांबणार आहे. ज्यांना घाई आहे त्यांनी खुशाल पुढे जा.

याच कंपनीत मी गेल्या महिन्यात दोनदा जाऊन आलेय.

कंपनी भोसरी एमआयडीसीत, मी राहते धायरीला. म्हणजे बसने स्वारगेट, तिथून मेट्रो, नाशिक फाट्याला उतरायचं. ह्या स्टेशनचं नाव आधी भोसरी होतं, आणि ते भोसरीत नाहीच! (हे नाव कोणी ठेवलं त्याला मला एकदा भेटायचंय.) तिथून शेअर रिक्षा, आणि शेवटचा तुकडा पायी, ट्रकच्या रांगेतून साडी सावरत. दोन तास जायला, दोन यायला.

पहिल्यांदा गेले तर गेटला कुलूप. वॉचमन म्हणाला, "ताई, आज गुरुवार. एमआयडीसीला सुट्टी." आता भोसरीला गुरुवारी सुट्टी असते हे मलाही आठवायला हवं होतं, मान्य. पण वार मी दिला नव्हता ना! एचआरला फोन केला तर पलीकडून, "अच्छा, गुरुवार होता का." एवढंच. पुढची तारीख दिली वीस.

अकाउंट्समधल्या मैत्रिणी इथेच हसायला लागल्या असतील. बाकीच्यांसाठी सांगते. दर महिन्याला रिटर्न भरणाऱ्यांची जीएसटीची ३बी, म्हणजे त्या महिन्याचा टॅक्स भरायचं रिटर्न, वीस तारखेपर्यंत भरायची असते. चुकली की दिवसाला ५० रुपये लेट फी, आणि थकलेल्या टॅक्सवर १८ टक्क्यांनी व्याज. त्या दिवशी अकाउंट्सच्या माणसाला घरचेसुद्धा फोन करत नाहीत. आणि ह्यांनी त्या दिवशी अकाउंटंटचा इंटरव्ह्यू ठेवला. मला तिथेच कळायला हवं होतं, पण गरज होती, गेले.

अकराची वेळ होती. सव्वा वाजता आत बोलावलं. मधल्या वेळात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून तीन कप चहा झाला. चहा देणाऱ्या मावशी तिसऱ्या कपाला शेजारीच टेकल्या. म्हणाल्या, "तुम्ही ह्या महिन्यातल्या चौथ्या. जेवलात का?" त्या अख्ख्या इमारतीत मला कामाचं काही विचारणारी ती एकच बाई. त्यांच्या डब्यातली अर्धी भाकरी मी खाल्ली, खोटं कशाला बोलू.

आत मालक. समोर बायोडेटा, त्यावर फोटो कुणा दुसऱ्याच बाईचा. "तर पाटील मॅडम, डिस्पॅचचा अनुभव किती?" मी म्हटलं, मी पाटील नाही आणि मला डिस्पॅचचा अनुभव नाही. मग कागदांची शोधाशोध. माझा बायोडेटा मिळालाच नाही. मीच पिशवीतून दुसरी प्रत काढून दिली. ती न वाचता पुढचे प्रश्न: मिस्टर काय करतात, मुलगी कितवीला, महिनाअखेर उशीर झाला तर घरी चालेल का. आणि मग, "सात वर्षं गॅप दिसतोय, घरीच होता तुम्ही." अहो, घरी होते म्हणजे गल्लीतल्या चार दुकानांची रिटर्नं घरी बसून भरत होते. ते बायोडेट्यात लिहिलंय. वाचलं असतं तर.

एवढ्यात बाहेरून एक घाबराघुबरा मुलगा आला. २बी, म्हणजे सप्लायरांनी दाखवलेल्या बिलांची जीएसटी पोर्टलवरची यादी, जुळत नाही म्हणाला. मालकांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांना कल्पना सुचली. "मॅडम, तुमची प्रॅक्टिकल टेस्ट घेऊ."

टेस्ट म्हणजे त्यांचं खरं काम! त्या महिन्याचं, त्या दिवशीचं, टॅलीत उघडलेलं. बसले. सवय वाईट असते, आकडा चुकलेला दिसला की मला राहवत नाही. दोन तासांत सापडलं. लोखंडाच्या बारचं एक बिल दोनदा चढवलेलं, एकदा नंबरात स्लॅश घालून, एकदा डॅश घालून, म्हणून सॉफ्टवेअरला ती दोन वेगळी बिलं वाटली. ४१ हजारांचं क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट, फुकट जास्त घेत होते. शिवाय एका सप्लायरने आपलं रिटर्नच भरलं नव्हतं, त्याचं क्रेडिट २बीत नाही तर घेता येत नाही, २०२२ पासून हा नियम आहे. तेही त्या मुलाला समजावलं. बिचारा वहीत लिहून घेत होता. त्याच्यावर माझा राग नाही, त्याला कोणी शिकवलंच नव्हतं.

पावणेचारला मालक म्हणाले, "छान. आम्ही कळवतो." रिक्षाचे पैसे तर सोडाच, चौथा चहाही नाही.

छोट्या कारखानदाराला माणसं परवडत नाहीत, डिस्पॅचपासून बँकेपर्यंत तोच धावतो, मोठ्या कंपन्या त्याचे पैसे महिनोन्‌महिने अडकवतात, हे सगळं मला ठाऊक आहे. माझ्या चार दुकानदारांची हीच रड आहे. बरं. पण म्हणून समोरच्या बाईचा दिवस फुकट असतो का? टेस्ट घ्यायची तर दहा ओळींची खोटी शीट द्या, वीस मिनिटं घ्या. चार जणींना बोलावून चौघींकडून महिन्याचं काम काढून घेणं, ह्याला आमच्याकडे वेठबिगार म्हणतात. आणि चारपैकी एकीलाही नंतर फोन केला नसणार, पैज लावते. मला तर केला नव्हता. महिनाभर मी फोन जवळ घेऊन झोपत होते. माझंच काही चुकलं असेल, साडी नको होती, गॅपबद्दल नीट बोलायला हवं होतं, असं रात्री रात्री वाटायचं. आता लिहिताना लाज वाटतेय त्याची.

आणि आज हा फोन! ह्यांना आठवतही नाही मी आले होते. जवळजवळ पाच तास त्यांच्या ऑफिसात होते, त्यांचं बिल पकडून दिलं, आणि बायोडेटा "आलाय" म्हणे. बरोबर, मीच आणून दिलेली प्रत असेल. कुठल्यातरी फाइलखालून वर आली असेल.

मी त्या मुलीला काही बोलले नाही. आवाजावरून विशीतली वाटली, ती पण नवीनच असणार. एवढंच म्हटलं, "बाळ, उद्या गुरुवार आहे."

पलीकडे शांतता. मग, "अय्या हो. मग शुक्रवारी याल का?"

कणीक तशीच राहिलीय. उठते आता.