हप्ता कापायला घाई, आणि द्यायच्या वेळी 'माल हलवू नका'

पावसाळ्यापूर्वी घ्यायच्या काळजीचा आणि एक मेसेज आला. 'आपला विमा तपासून घ्या.' अरे, तपासू कसा? पॉलिसी दाखवा तरी आधी!

बेळगावच्या वडगावात ज्याच्या घरात माग आहेत, त्याला पावसाची अक्कल शिकवायला लागत नाही. 2019 चा ऑगस्ट आम्ही बघितलाय. मिरग निघायच्या आत सुताची पोती फळ्यांवर चढतात. मेन स्विच मी तेव्हाच छातीएवढ्या उंचीवर घेतला आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, बसवला, स्वतःच्या खिशातून. आमच्या हातात होतं ते सगळं केलं. राहिला तो बळ्ळारी नाला. त्यातली जलपर्णी आणि गाळ काढायचं काम काय मी माझ्या मागावर विणू?

गेल्या जुलैत रात्री दोनला आईनं हाक मारली, "ऊठ रे, नाला वर येऊलाय!" पाय खाली ठेवला तर पाणी घोट्याला. आरसीसीबी आधीच पडला होता. त्या रात्री तेवढी एकच वस्तू इमानानं वागली. पहाटेपर्यंत मागाच्या मोटरी बुडाल्या आणि फळ्यांवरची खालची रांग भिजली. रंगीत सुताचा रंग उतरून फरशीवर गुलाबी ओघळ गेले होते.

मनात म्हटलं, जाऊ दे, विमा आहे. माल तारण ठेवून बँकेचं कर्ज घेतलंय आणि बँक दरवर्षी खात्यातून न विचारता प्रीमियम कापते. कागद आठ वर्षांत एकदाही हातात आला नाही. मागितला की उत्तर ठरलेलं, "सिस्टीममध्ये आहे की, काळजी कशाला करता?"

सकाळीच विमा कंपनीला फोनवर कळवलं. पलीकडून सांगितलं, "सर्व्हेअर, म्हणजे नुकसान मोजणारा माणूस, येईपर्यंत माल हलवू नका." 2024 च्या नियमांप्रमाणे कळवल्यापासून 24 तासांत सर्व्हेअर नेमायला पाहिजे. आमचा माणूस नवव्या दिवशी उगवला. नऊ दिवस ओलं सूत तसंच. जुलैचा दमट वारा, शेडमध्ये भिजल्या घोंगडीसारखा वास, सुत गुंडाळलेल्या कोनांवर आधी पांढरी आणि मग काळी बुरशी. साहेबांनी एक कोन दोन बोटांत धरला, नाक मुरडलं आणि विचारलं, "वाळत का नाही घातला? नुकसान कमी करायची जबाबदारी तुमची असते." मी हबकलोच. हलवू नका म्हणणारा कोण आणि का नाही हलवला म्हणणारा कोण? दोघं एकाच घरचे!

मग भिंतीवरच्या पाण्याच्या रेघेला टेप लावून म्हणतात, ही झिरप असू शकते. पुराला विमा आहे, झिरपीला नाही. भिंतीवर चार बोटं ओल आली तर झिरप म्हणा. गुडघाभर पाणी दारातून आत आलं, त्यात पेंढा आणि कुणाचं तरी चप्पल तरंगत होतं. झिरपून चप्पल येतं काय? मोबाईलवर फोटो होते म्हणून तो विषय मिटला.

खरी कळ पुढं आहे. माझं सूत गेलं 2 लाख 40 हजारांचं, आणि मंजूर झाले 1 लाख 15 हजार. का, तर शेडमध्ये माल होता 10 लाखांचा आणि विमा 5 लाखांचा. म्हणजे निम्माच विमा, म्हणून नुकसानीचेही निम्मेच पैसे. वर एक्सेस, म्हणजे दर दाव्यात आपणच सोसायचा वाटा, म्हणून 5 हजार वजा. मी समजत होतो, 5 लाखांचा विमा म्हणजे 5 लाखांपर्यंतचं नुकसान पुरतं मिळणार. तसं नसतं म्हणे. 2021 पासून छोट्या उद्योगांसाठी जी 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' पॉलिसी आहे, तीतसुद्धा विमा 15 टक्क्यांपर्यंत कमी पडला तरच माफी, त्यापुढं कात्री. हे आठ वर्षांत एकानं तरी सांगायचं! आणि मोटरी? त्या विम्याच्या यादीतच नाहीत.

बँकेत जाऊन विचारलं, 5 लाख कुणी ठरवले? टेबलामागून शांत उत्तर आलं, "कर्ज 5 लाखांचं आहे ना? बँकेचं तेवढंच जातं." प्रीमियम माझा, आणि जपायचं तुमचं!

धाकट्या भावाची गोष्ट तर काढायलाच नको. नाल्याकाठच्या शिवारात त्याचं भात आहे. पीक विम्याचा खरिपाचा हप्ता 2 टक्के, तो भरतो. रोप पाण्याखाली कुजलं, 72 तासांच्या आत कळवलं, तर म्हणाले, भाताला बुडण्याची वैयक्तिक भरपाई नाही. 2018 ला ती काढून टाकली होती. भाताला पाणी चालतंच ना, असा हिशोब! खरं पाणी चालतं म्हणून आठ दिवस बुडून राहिलेलं चालतं काय? आता खरीप 2026 पासून परत घेणार म्हणतात. कुजलेलं काय त्यासाठी परत उगवणार आहे?

वरून पंचनामा कानडीत, पॉलिसी इंग्रजीत, आणि मी मराठी शाळेत शिकलेला. पंचनाम्याचं इंग्रजी करून आणा म्हणाले. ते पैसेही माझेच.

विमा लोकपालाकडं जायचं ठरवलंय. फी लागत नाही, कंपनीनं नाकारल्यापासून वर्षाच्या आत तक्रार द्यावी लागते, 50 लाखांपर्यंतचं प्रकरण ते ऐकतात. ऑफिस बेंगळूरला. अर्ज कोऱ्या कागदावर लिहून झालाय, फक्त पॉलिसीची प्रत जोडायची राहिलीय. त्यासाठी काल परत बँकेत गेलो.

"सिस्टीममध्ये आहे की," म्हणाले. "प्रिंटर बंद आहे, सोमवारी या."