सरासरी वाढली म्हणे!

दर वेळी तेच! आकडे आले की ‘वस्तीचं उत्पन्न वाढलं, लोक सुधारले’ म्हणून टाळ्या. अहो, लोक सुधारले नाहीत, लोक बदलले! दहातली चार बिऱ्हाडं भाडं झेपेना म्हणून शहराच्या टोकाला गेली, त्यांच्या जागी चार गलेलठ्ठ पगारवाले आले. झाली सरासरी टुणकन वर. उरलेल्या सहांच्या खिशात दमडी जास्त नाही, उलट भाडं तेवढं वाढलं. आणि गेलेले? ते त्या वस्तीच्या तक्त्यातून गायबच! समाजशास्त्रज्ञ रूथ ग्लास यांनी लंडनमधला हा प्रकार १९६४ सालीच लिहून ठेवलाय. तरी आपले दोन सालांचे आकडे शेजारी ठेवून प्रगती मोजणं चालूच. अरे, निदान दोन्ही वेळा तीच माणसं तरी मोजा!