‘नुसतं बघणं’ या शब्दांबद्दल

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली. रागाच्या भरात लिहायचं नाही म्हणून सकाळपर्यंत थांबलो.

माझ्या यूएआरटी ट्रान्समीटरच्या (एका तारेवरून एकामागून एक बिट पाठवणाऱ्या सर्किटच्या) लेखात बिटची वेळ मोजणारा काउंटर एकाने चुकलाय, रीसेट असिंक्रोनस (क्लॉकची वाट न पाहणारा) आहे, टेस्टबेंच (सर्किट सिम्युलेशनमध्ये तपासणारा कोड) नाही, असं तुम्ही लिहिलंत. आणि शेवटी, बोर्डने पाठवलेली अक्षरं संगणकावर दाखवणाऱ्या पुट्टी या प्रोग्रॅमबद्दल : ‘‘पुट्टीवर अक्षरं उमटली म्हणजे टेस्टिंग नव्हे, ते नुसतं बघणं. असं शिकवून मुलांचं नुकसान करू नका.’’

काउंटरचं मान्य. लेखातल्या बेसिस ३ या बोर्डचा क्लॉक १०० मेगाहर्ट्झ, बॉड रेट (सेकंदाला जाणारे बिट) १,१५,२००, म्हणजे एका बिटला ८६८ क्लॉक. शून्यापासून मोजताना तुलना ८६७ शी हवी होती, मी ८६८ शी केली. दुरुस्ती केली आहे. पण फरक ०.११ टक्के. स्टॉप बिटपर्यंत साठून तो एका बिटच्या जेमतेम १ टक्का होतो, आणि रिसीव्हर बिटच्या मध्यावर वाचत असल्याने त्याला जवळपास अर्ध्या बिटची सवड असते. याला ‘गंभीर चूक’ म्हणायचं?

आता ‘नुसतं बघणं’. डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षी माझा पहिला ट्रान्समीटर सिम्युलेशनमध्ये अगदी बिनचूक चालला. स्टार्ट बिट, आठ डेटा बिट, स्टॉप बिट, सगळं जागच्या जागी. बोर्डवर चढवला, तर स्क्रीनवर निव्वळ कचरा. तिघांत एक बोर्ड होता, माझी पाळी रात्री यायची. दोन रात्री मी कोड वाचत बसलो आणि कोडमध्ये काहीच सापडेना. शेवटी एका सीनियरने ऑसिलोस्कोप (सिग्नलची लाट पडद्यावर दाखवणारं यंत्र) मिळवून दिला. ९६०० बॉडला बिट १०४ मायक्रोसेकंदांचा हवा, दिसत होता ५२ चा. मी क्लॉक ५० मेगाहर्ट्झचा धरून एका बिटला ५२०८ क्लॉक मोजत होतो, बोर्डवर होता १०० चा. टेस्टबेंचमधला क्लॉकही मीच लिहिलेला, मग तोही ५० चाच! माझी चूक माझ्याच टेस्टबेंचने पास केली. सापडली ती बघितल्यामुळे.

म्हणूनच लेखात मी टीएक्स, म्हणजे पाठवण्याचा सिग्नल, बोर्डच्या पीमॉड कनेक्टरवरही काढला, सतत ‘यू’ पाठवला आणि स्कोपवर बिट मोजला. ‘यू’ म्हणजे हेक्समध्ये (सोळाच्या पायात) ५५, म्हणजे ० आणि १ एकाआड एक, त्यामुळे सरळ चौकोनी लाट मिळते. हा परिच्छेद पुट्टीच्या चित्राखालीच आहे. तुम्ही तिथपर्यंत वाचलंत का, अशी शंका मला येते, आणि ती मी बोलून दाखवतो.

रीसेटचं म्हणाल तर या लेखाचा तो विषयच नव्हता. टेस्टबेंच पुढच्या भागात येणार, हे पहिल्याच ओळीत लिहिलं होतं.

चूक जरूर दाखवा, मी दुरुस्त करीन, आत्ताही केली. पण मुलांच्या नुकसानीची भाषा माझ्याशी नको. त्या दोन रात्री दुसऱ्या कुणाच्या वाट्याला येऊ नयेत म्हणूनच मी हे लिहायला बसतो.