मोबाइल जरूर काढून घ्या, पण तपासणी लांबवू नका

पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक संदेश सतत फिरत असतो. शब्द बदलतात, आशय तोच राहतो. मोबाइलमुळे मुलांना ऑटिझम होतो, त्याला ‘व्हर्च्युअल ऑटिझम’ म्हणतात. आपल्या लहानपणी मोबाइल नव्हते, म्हणून हा आजारही नव्हता. काही आठवडे मोबाइल बंद ठेवला की मूल आपोआप बोलू लागतं, डॉक्टरकडे धावायची गरज नाही. आणि ऑनलाइन थेरपीच्या नादी तर लागूच नका, पडद्याने झालेला आजार पडद्याने कसा बरा होणार? खाली ‘प्रत्येक आईपर्यंत पोहोचवा’.

मी लहान मुलांच्या वाचा-भाषेच्या उपचारांचं काम करते. उशिरा बोलणाऱ्या मुलाला घेऊन येणारे पालक हल्ली हा संदेश वाचूनच आलेले असतात. किंवा तो वाचला म्हणून सहा-आठ महिने आलेले नसतात. ते महिने त्या मुलाला फार महाग पडतात, म्हणून यातला एकेक दावा तपासू.

आधी जे खरं आहे ते. लहान मुलाच्या हातात मोबाइल देऊ नये, हा सल्ला योग्यच आहे. दोन वर्षांखालच्या मुलांना पडदा नको आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एका तासापेक्षा जास्त नको, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितलं. आपल्याकडच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं, म्हणजे इंडियन ॲकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सचं म्हणणंही जवळपास हेच आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका जपानी अभ्यासात सात हजारांवर मुलं होती. पहिल्या वर्षी जितका जास्त वेळ पडद्यापुढे, तितकी पुढे संवादात मागे पडण्याची शक्यता जास्त, असं त्यात आढळलं. मूल बोलायला शिकतं ते समोरच्या माणसाशी देवाणघेवाण करून. ती देवाणघेवाण कमी झाली की बोलणं लांबतं. इथपर्यंत वाद नाही.

पण बोलणं लांबणं आणि स्वमग्नता, म्हणजेच ऑटिझम, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि संदेश त्या एकाच पोत्यात भरतो. ‘व्हर्च्युअल ऑटिझम’ हे नाव काही वर्षांपूर्वी रुमानियातल्या एका मानसशास्त्रज्ञाने पुढे आणलं. डॉक्टर निदानासाठी ज्या दोन मुख्य वर्गीकरणांचा आधार घेतात, त्यांपैकी एकातही असा आजार नाही. स्वमग्नतेच्या मुळाशी मुख्यतः आनुवंशिकता असते. २०१९ साली पाच देशांतल्या वीस लाखांहून अधिक मुलांच्या नोंदी तपासल्या गेल्या. स्वमग्नतेत माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्यातला सुमारे ८० टक्के आनुवंशिक घटकांशी जोडलेला निघाला. मेंदूची ही घडण मूल पहिल्यांदा मोबाइल बघण्याच्या कितीतरी आधी, गर्भातच सुरू झालेली असते.

संदेशाच्या समर्थनार्थ कुणीतरी हमखास जपानचाच आणखी एक, २०२२ सालचा अभ्यास पुढे करतं. चौऱ्याऐंशी हजार माता-बालकांच्या त्या अभ्यासात, एक वर्षाचे असताना जास्त पडदा बघणाऱ्या मुलग्यांमध्ये तिसऱ्या वर्षी स्वमग्नतेचं निदान अधिक आढळलं, हे खरं. पण दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणून एकीमुळे दुसरी झाली असं ठरत नाही. ज्या बाळाला माणसांच्या चेहऱ्यांपेक्षा फिरणारी चाकं आणि चमकणारे दिवे जास्त खेचतात, ते मोबाइलपुढे लवकर शांत बसतं. थकलेले आईवडील मग तोच पुन्हा पुन्हा देतात. कारण आणि परिणाम उलटे असण्याची ही शक्यता काम करताना रोज समोर दिसते.

‘आपल्या वेळी नव्हतं’ याचं उत्तर थोडक्यात देता येतं. बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी अमेरिकेत बाल्टिमोर इथे अकरा मुलांचं वर्णन करून ही अवस्था पहिल्यांदा सविस्तर मांडली ती १९४३ साली. मुंबईत दूरदर्शन आलं १९७२ साली. भारताच्या संसदेने स्वमग्न व्यक्तींचा नावाने उल्लेख असलेला राष्ट्रीय न्यासाचा कायदा केला १९९९ साली, तेव्हा स्मार्टफोन कुणाच्या खिशात नव्हता. आपल्या गावात, वाड्यात अशी मुलं होती. त्यांना वेडसर म्हणत, मुकं म्हणत, शाळेतून काढून घरात बसवत.

आता सर्वांत घातक वाक्य: मोबाइल बंद करा आणि वाट बघा.

पडद्यामुळेच मागे पडलेलं मूल पडदा गेल्यावर आणि घरात बोलणं वाढल्यावर खरंच सुधारतं. अशी मुलं मी पाहिली आहेत, आणि ‘ऑटिझम बरा झाला’ अशा व्हिडिओंमधली काही मुलंही याच गटातली असणार. पण घरी बसून तुम्हाला कसं कळणार की तुमचं मूल याच गटातलं आहे? बोलत नसलेल्या मुलाची पहिली तपासणी कानांची करायची असते. ऐकूच येत नसेल तर मोबाइल बंद करून काय होणार? गरज पडली तर मूल झोपलेलं असताना बेरा चाचणी करतात, तिने श्रवणदोष कळतो. त्यानंतर भाषा आणि वागणं बघायचं.

काय बघायचं, तर एक उदाहरण देते. दीड वर्षाच्या मुलाला खिडकीत कावळा दिसला की ते बोट दाखवतं आणि लगेच वळून आईकडे बघतं: तू पाहिलास का? स्वमग्न मुलाला पाणी हवं असतं तेव्हा ते बरेचदा आईचं मनगट धरून माठापाशी नेतं, तिचा हात ओगराळ्यावर ठेवतं, आणि या सगळ्यात तिच्या चेहऱ्याकडे बघत नाही. एकदा असं झालं म्हणून निदान होत नाही. पण वर्षाचं मूल नावाने हाक मारल्यावर वळत नसेल, सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नसेल, दोन वर्षांपर्यंत स्वतःहून दोन शब्द जोडत नसेल, किंवा आलेले शब्द गेले असतील, तर थांबू नये. मोबाइल आजच बंद करा आणि तपासणीची वेळही आजच घ्या. एकासाठी दुसरं थांबवायचं कारण नाही.

आणि ‘प्रत्येक आईपर्यंत’च का? बापाच्या हातात मोबाइल नसतो? १९५०-६० च्या दशकांत अमेरिकेत आईच्या थंडपणामुळे मुलं स्वमग्न होतात असं तज्ज्ञच सांगत. १९६४ साली बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञाने, जो स्वतः स्वमग्न मुलाचा बाप होता, ते साधार खोडून काढलं. तोपर्यंत असंख्य आयांनी तो दोष उरावर वागवला होता. माझ्यासमोर बसलेली आई जेव्हा ‘स्वयंपाक करताना मीच द्यायचे हो मोबाइल’ म्हणून रडते, तेव्हा तेच पुन्हा होताना दिसतं, आणि मला त्या संदेशाचा मनापासून राग येतो.

उरला ऑनलाइनचा मुद्दा. आमच्या ऑनलाइन सत्रात मूल पडदा बघत नाही. फोन डब्याला टेकवून ठेवलेला असतो, आई आणि मूल चटईवर भातुकली घेऊन बसलेले असतात, आणि कॅमेऱ्यातून मी बघत असते. आई चमच्याने खोटा भात वाढायला जाते. मी म्हणते, “ताई, थांबा. त्याला आधी तुमच्याकडे बघू दे. बघितलं? आता द्या.” शिकते ती आई, आणि सत्र संपल्यावर दिवसभर तीच मुलाबरोबर असते.

पालकांना शिकवून मुलाला मदत करण्याच्या पद्धतीला आधारही आहे. गोवा आणि पाकिस्तानातलं रावळपिंडी इथे ६५ स्वमग्न मुलांवर झालेला अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. प्रशिक्षण दिलेले साधे आरोग्य कार्यकर्ते पालकांना त्यांच्या आणि मुलाच्या खेळाचंच चित्रीकरण दाखवून शिकवत. पालक मुलाच्या कलाने घेऊ लागले आणि मुलं स्वतःहून जास्त संवाद सुरू करू लागली. ती सत्रं प्रत्यक्ष भेटीत झाली होती, ऑनलाइन नव्हे. पण पडद्याचा उपयोग आईसाठी कसा होतो ते त्यातून स्पष्ट दिसतं.

मोठ्या मुलांना तर हा संदेश आणखी अपाय करतो. पंधरा वर्षांची मुलगी झोपत नाही, जेवत नाही, आणि तालुक्यात मनोविकारतज्ज्ञ नाही. तिला फोनवरून मिळणारी मदतही ‘स्क्रीन’ म्हणून नाकारायची का? केंद्र सरकारची टेलि-मानस ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मोफत आणि मराठीतूनही बोलता येतं.

ऑनलाइन सगळंच चांगलं असंही मी म्हणत नाही. पहिलं निदान शक्यतो प्रत्यक्ष तपासूनच व्हावं. २०२० च्या टेलिमेडिसिन नियमांनुसार अल्पवयीन रुग्णाबरोबर मोठं माणूस असावंच लागतं. थेरपिस्टकडे भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक मागा, आणि जो देत नाही त्याला पैसे देऊ नका. ‘ऑटिझम शंभर टक्के बरा’ म्हणणाऱ्याला तर मुळीच देऊ नका. खाजगी तपासणी परवडत नसेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत येतं, तेव्हा मुलाचं नाव पुढे करा. जिल्हा पातळीवरच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवण्याची चिठ्ठी तिथूनच मिळते, आणि तिला पैसे पडत नाहीत.